पास देणारा कुठे आहे?

14 ऑक्टोबर 2025. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर भारत सिंगापूरकडून 1-2 असा हरला आणि 2027च्या आशियाई चषकाचं दार आपल्यासाठी बंद झालं. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या आपल्या मुलांना भारताचा सामना याहून जवळ मिळत नाही. पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवाच. हरल्याचं वाईट वाटलंच. पण आपले गोल कसे येतात हे पाहिलं की जास्त काळजी वाटते.

या पात्रता फेरीच्या पहिल्या पाच सामन्यांत भारताने फक्त 2 गोल केले. एक रहीम अलीचा, सिंगापूरमध्ये 90व्या मिनिटाला, समोरच्या बचावपटूने चुकीचा बॅकपास दिला म्हणून. दुसरा फातोर्ड्यात छांगतेचा, बॉक्सबाहेरून मारलेला जबरदस्त फटका. पहिला गोल समोरच्याने भेट दिला, दुसरा एकट्या छांगतेने ओढून आणला. चार-पाच पास जुळवून, बचाव फोडून केलेला गोल एकही नाही. बांगलादेशाविरुद्धच्या दोन्ही सामन्यांत तर शून्य.

हे एका वर्षाचं दुखणं नाही. 2024च्या आशियाई चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिघांविरुद्ध मिळून आपला एकही गोल झाला नाही. त्या अख्ख्या वर्षात भारत 11 सामने खेळला, जिंकला एकही नाही, गोल 4. त्यातला एक पेनल्टीवर, एक कॉर्नरवर.

अशा वेळी आपल्या गप्पांत एकच वाक्य ऐकू येतं: छेत्रीनंतर कोण? सुनील छेत्री जून 2024 मध्ये निवृत्त झाला, आणि मार्च 2025 मध्ये चाळिशीत त्यालाच परत बोलवावं लागलं. पण गोल करणारा शोधून काय होणार, त्याच्यापर्यंत चेंडूच येत नसेल तर? मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. स्क्रीनवर शेवटचा आकडा चुकला तर आम्ही स्क्रीन बदलत नाही, तो आकडा जिथून येतो तिथे मागे जाऊन पाहतो. इथेही मागे, मधल्या फळीत पाहायला हवं.

इंडियन सुपर लीगमध्ये क्लबला एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येतात. ते बहुतेक क्लब कुठे लावतात? पुढे स्ट्रायकरच्या जागी, आणि त्याच्या मागे, खेळ रचणाऱ्याच्या जागी. 2014 पासून 2024-25 पर्यंत लीगचा गोल्डन बूट एकाही भारतीयाला मिळालेला नाही. क्लबला दोष देऊन उपयोग नाही. चार सामने हरले की प्रशिक्षकाची नोकरी जाते, तो जोखीम का घेईल? परिणाम असा, की भारतीय पोरगा विंगवर धावतो किंवा बचावात उभा राहतो. गर्दीत चेंडू घेऊन वळायचं, क्षणात ठरवायचं, हे त्याला क्लबमध्ये करायलाच मिळत नाही. मग निळी जर्सी घातल्यावर अचानक कुठून येईल?

आपल्याला जमतच नाही, असं मात्र नाही. 4 जुलै 2023 रोजी बंगळुरूत सॅफ स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कुवेतविरुद्ध केलेला गोल पुन्हा पाहा. आशिक कुरुनियन, छेत्री, सहल अब्दुल समद आणि शेवटी छांगते. झटपट पास, प्रत्येकाला पुढचा माणूस कुठे आहे हे आधीच माहीत. आशिक मलप्पुरमचा. ज्या जिल्ह्यात सात-सात जणांचं ‘सेव्हन्स’ फुटबॉल गावोगाव खेळलं जातं, तिथला. लहान मैदानात चेंडू पायाशी सारखा येतो, जागा कमी असते, विचार पटकन करावा लागतो.

हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम यांना हे सत्तर वर्षांपूर्वी कळलं होतं. ‘मैदान’ सिनेमामुळे आपल्यातल्या अनेकांना त्यांचं नाव कळलं. 1956च्या ऑलिम्पिकमध्ये चौथं स्थान आणि 1962 मध्ये जकार्तात आशियाई सुवर्ण, हे त्यांच्या संघांचं काम. पेशाने ते शिक्षक. मुलांसाठी ते ड्रिबलिंगला बंदी असलेल्या किंवा फक्त दुबळ्या पायाने खेळायच्या स्पर्धा घेत. म्हणजे कल्पकता ही देणगी आहे असं म्हणून ते थांबले नाहीत. तिची सवय लावली.

आज खालिद जमील प्रशिक्षक आहेत. आयझॉलला 2016-17ची आय-लीग जिंकून देणारा हा माणूस. त्यांच्या नेमणुकीचा आपल्यातल्या बऱ्याच जणांना अभिमान वाटला. वाटू द्या. पण ‘आपला माणूस’ म्हणून प्रश्न विचारायचे नाहीत, हे बरोबर नाही. आधी बचाव, मग लांब चेंडू, या पद्धतीने एखादा सामना निघतो. खेळ रचणारे खेळाडू घडत नाहीत. तसंच, ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या प्रशिक्षकावर वीस वर्षांच्या दुर्लक्षाचं खापर फोडणंही अन्यायाचं. नाव पाहून कौतुक नको आणि नाव पाहून शिव्याही नकोत.

आणि आपण काय करायचं? सिंधुदुर्गात टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांना मंडळं उभी राहतात, बक्षिसांच्या रकमा जमतात, रात्री लाइट लागतात. त्यातला थोडा वेळ आणि थोडा पैसा दहा-बारा वर्षांच्या पोरापोरींच्या फुटबॉलला देता येईल. देवबाग, तारकर्ली, चिवला इथे ओहोटीला मैदान फुकट मिळतं. पाच-पाच जणांचे संघ करा, सगळ्यांना सारखा वेळ खेळवा, चुकीच्या पासवर ओरडू नका. बक्षीस द्यायचंच तर सर्वांत जास्त गोल करणाऱ्याला नको; ज्याच्या पासवर सर्वांत जास्त गोल झाले, त्याला किंवा तिला द्या.