पट गावात, पोरं फडात

2025 मध्ये राज्याच्या मंत्री समितीने 1 नोव्हेंबरपासून ऊस गाळपाला परवानगी दिली. पूरग्रस्तांच्या मदतीसाठी टनामागे किती रुपये कापायचे यावरून वादंग झाले, कारखानदार बोलले, शेतकरी संघटना बोलल्या. ऊसतोड मजुरांच्या टोळ्यांबरोबर येणारी पोरे दुपारी कुठे जेवणार, हे मात्र कोणी विचारल्याचे ऐकू आले नाही. साखर कारखान्यांच्या संख्येचा अभिमान मिरवणाऱ्या सोलापूर जिल्ह्यालाही हा प्रश्न पडत नसेल, तर ती संतापाचीच गोष्ट आहे.

कायद्यात कसलीही संदिग्धता नाही. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला, सुट्ट्या वगळता, रोज मोफत जेवणाचा हक्क दिला. इंग्लंडमध्ये बहुतेक मुलांच्या पालकांना त्यासाठी अर्ज करून पात्रता सिद्ध करावी लागते. आपल्याकडे अर्जच नाही. शाळेत आलेले मूल हेच पात्र मूल! इतका साधा हक्क आपण पट, पोर्टल आणि आधारच्या तावडीत दिला.

पटाची तारीख 30 सप्टेंबर. त्या दिवशी मूल गावच्या शाळेत मोजले जाते आणि दिवाळीच्या आगेमागे बीड, धाराशिवकडून आईबापाबरोबर पंढरपूर, माळशिरस, माढ्याच्या फडात येते. नाव गावात, नावाचा तांदूळही गावात आणि पोर फडातल्या कोपीपुढे, म्हणजे झोपडीपुढे, धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेले. जवळच्या शाळेत गेले की दाखल्याची विचारणा होते. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असे शिक्षण हक्क कायद्याचे पाचवे कलम सांगते. आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाला लाभ नाकारू नका, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्येच बजावले. तरीही शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या संचमान्यतेला आधार जुळलेलेच विद्यार्थी धरायचे म्हटल्यावर चार-पाच महिन्यांसाठी आलेले मूल पटावर घ्यायला मुख्याध्यापक कचरणारच. ही भीती शिक्षण खात्याने घातली आहे, ती त्यानेच काढावी. 2025 मध्ये तर सीना नदीच्या पुराने घरेच धुऊन नेली. त्या घरांतल्या मुलांनी कागद आणायचे कुठून?

स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, पण ते हातात पडण्याआधी अनेकदा ट्रॅक्टर गावातून निघालेला असतो. कारखान्याच्या दप्तरात मात्र तोडणी-वाहतुकीचा करार असतो, मुकादमाचे नाव असते, वाहनाचा क्रमांक असतो. त्यात मुलांची नावे आणि वये लिहून घ्यायला कोणती अडचण आहे? ती यादी गटशिक्षणाधिकाऱ्याकडे गेली, की केंद्रप्रमुखाने फडावर जाऊन मुले शाळेत आणावीत. मुलाने शाळा शोधायची नाही, शाळेने मूल शोधायचे.

2025 च्या जानेवारीत राज्य सरकारने पोषण आहारातल्या अंड्यांचा निधी बंद केला. ताटातले काढायला एक शासन निर्णय पुरतो, ताट द्यायला मात्र दहा कागद लागतात. ही वृत्ती निर्दय आहे.

जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी धुराडी पेटण्याआधी लेखी आदेश काढावा: शाळेत आलेल्या मुलाला त्याच दिवशी जेवण मिळेल, कागदपत्रे शाळा नंतर जमवेल आणि वाढीव हजेरीचा तांदूळ तालुका पुरवेल.