भंगारातून स्पीडस्टर उभी राहील, पण नंबर प्लेट कुठून आणणार?

नाशिक : लांब बॉनेट, दोनच सीट, ना दरवाजे ना टप, मागे गोल टाकी. शंभर वर्षांपूर्वीच्या रेसिंग गाडीसारखी दिसणारी ‘स्पीडस्टर’ भंगारातून घरच्या घरी कशी बनवायची, याचे व्हिडिओ सध्या मोबाईलवर भरपूर फिरतात. निफाड, सिन्नर, दिंडोरीकडच्या वेल्डिंगच्या दुकानांत हे काम जमणार नाही, असं कोणी म्हणणार नाही. द्राक्षबागेतले ब्लोअर, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पेरणी यंत्रं ज्यांच्या हाताखालून जातात, त्यांना चार चाकांचा सांगाडा उभा करणं अवघड नाही. अडचण पुढे आहे. गाडी फाटकाबाहेर पडली की तिला नोंदणी लागते, विमा लागतो. घरी बनवलेल्या एकट्यादुकट्या गाडीला या दोन्ही गोष्टी मिळण्याची सोय आजच्या कायद्यात व्यवहारात नाही.

बघायला गेलं तर ही हौस गरिबाचीच होती. फोर्डची ‘मॉडेल टी’ 1908 ते 1927 या काळात दीड कोटीहून जास्त संख्येनं बनली. अमेरिकेत ती इतकी झाली की जुनी गाडी कवडीमोल भावात मिळू लागली. तिथली तरुण पोरं ती घ्यायची, वरचा सगळा सांगाडा काढून टाकायची, दोन खुर्च्या ठोकायची आणि 20 हॉर्सपॉवरचं इंजिन पळवायची. वजन कमी झालं की तेच इंजिन जास्त पळतं, एवढंच त्यातलं शास्त्र. श्रीमंतांसाठी कंपन्यांनी बनवलेल्या स्पीडस्टर होत्याच, पण गावोगाव पळाल्या त्या घरी छाटलेल्या.

देवराष्ट्रेच्या जीपचं काय झालं?

महाराष्ट्रात या विषयातलं सर्वात गाजलेलं उदाहरण सांगली जिल्ह्यातलं आहे. कडेगाव तालुक्यातलं देवराष्ट्रे, म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. (नाशिककरांनी याच यशवंतरावांना 1963 मध्ये बिनविरोध लोकसभेवर पाठवलं होतं.) तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हट्टापायी भंगारातले भाग जमवून जीपच्या तोंडवळ्याची छोटी गाडी बनवली. तेव्हाच्या बातम्यांनुसार खर्च आला साधारण 60 हजार रुपये. गाडी मोटारसायकलसारखी किक मारून सुरू व्हायची. डिसेंबर 2021 मध्ये तिचा व्हिडिओ आनंद महिंद्रा यांनी शेअर केला आणि गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली. बोलेरो बनते ती आपल्याच सातपूरच्या कारखान्यात.

कौतुक सगळ्यांनी केलं. महिंद्रांनी त्याच वेळी लिहिलेलं दुसरं वाक्य मात्र फारसं कोणी लक्षात ठेवलं नाही. ही गाडी नियमांत बसत नाही, त्यामुळे आज ना उद्या यंत्रणा ती रस्त्यावर चालवायला अडवणारच, असा त्याचा आशय होता. म्हणून बोलेरो घ्या आणि तुमची गाडी आमच्या चेन्नईजवळच्या संशोधन केंद्रात ठेवू द्या, असा तो प्रस्ताव. थोडक्यात, देशात सर्वात जास्त वाखाणल्या गेलेल्या भंगार-गाडीलाही रस्ता मिळाला नाही. त्याच जिल्ह्यातल्या जतच्या एका मेकॅनिकनं जुन्या फोर्डच्या धर्तीवर छोटी गाडी बनवल्याच्या बातम्याही आल्या होत्या. अशा बातम्यांत खर्च किती आणि अ‍ॅव्हरेज किती हे हमखास असतं. नोंदणीचा उल्लेख क्वचितच सापडतो.

स्वस्तात बनते ती कशी, आणि फसते कुठे

स्पीडस्टरला लांब बॉनेट हवं, म्हणजे इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना हवी. मारुती 800 भंगारात सहज दिसते, पण तिचं इंजिन पुढे आडवं आणि ताकदही पुढच्याच चाकांना. तिच्यावर जुना चेहरा चढवला की प्रमाण बिघडतं. त्यापेक्षा ओम्नी कामाची. इंजिन तेच 796 सीसीचं, पण उभं बसवलेलं, मागे प्रोपेलर शाफ्ट, अख्खा अ‍ॅक्सल आणि पाटे. हा सगळा संच एकाच गाडीतून निघतो, त्यामुळे जोडाजोड कमी होते.

ज्यांना आणखी स्वस्तात पडायचंय ते मोटारसायकलच्या इंजिनाकडे वळतात. त्या इंजिनाला रिव्हर्स गिअर नाही. चेननं एकाच मागच्या चाकाला ताकद दिली तर वळणावर गाडी ओढ खाते, आणि दोन्ही चाकं एका सरळ अ‍ॅक्सलवर बांधली तर वळताना टायर घासतात. रिक्षाचा मागचा संच घेतला तर डिफरन्शियल आणि रिव्हर्स दोन्ही आयते मिळतात. म्हणून जाणकार मिस्त्री तोच शोधतात.

सगळ्यात मोठी फसगत चाकांत आहे. जुना लूक यावा म्हणून मोटारसायकलची तारांची चाकं बसवली जातात. फोटोत ती झकास दिसतात. पण मोटारसायकल वळताना स्वतः कलते, त्यामुळे तिच्या चाकावर आडवा जोर फारसा येत नाही. चारचाकी कलत नाही. वळणावर सगळा जोर चाकाच्या बाजूनं येतो आणि त्या तारा त्यासाठी बनलेल्याच नसतात. शेताच्या बांधावर वीसच्या वेगानं हे कळणार नाही. ते कळेल कसाऱ्याच्या घाटात किंवा विंचूर-लासलगाव रस्त्यावर, कांद्याच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करताना.

स्टिअरिंगचंही तसंच. ड्रायव्हर मागे सरकला की स्टिअरिंगचा रॉड लांब करावा लागतो आणि तो मध्येच कापून वेल्ड केला जातो. त्या एका टाक्यावर माणसाचा जीव असतो. ब्रेक मारुतीचे असले तरी गाडीचं वजन आता वेगळीकडे गेलेलं असतं. पुढे किती आणि मागे किती लागायला हवेत, हा हिशोब बदलतो. पेट्रोलची टाकी सीटच्या पाठीमागे उघड्यावर. टप नाही, त्यामुळे गाडी उलटली तर डोक्यावर आधार नाही. कंपनीच्या गाडीत या प्रत्येक गोष्टीची चाचणी झालेली असते. इथे चाचणी म्हणजे गावाबाहेर मारलेली एक चक्कर.

‘व्हिंटेज’ हे नाव पण चालत नाही

अनेकांचा समज असा की ‘व्हिंटेज’ म्हटलं की काहीतरी सवलत असणार. केंद्रानं जुलै 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले, हे खरं आहे. पण ते पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटून गेलेल्या आणि मूळ रूपात जपलेल्या दुचाकी-चारचाकींसाठी आहेत. चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. नव्या नोंदणीची फी 20 हजार रुपये, मुदत 10 वर्षं, नंबरमध्ये ‘व्हीए’ ही अक्षरं. एवढं करूनही रोजच्या वापराला ती गाडी काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यासाठीच. काल वेल्ड केलेली गाडी कितीही जुनी दिसली तरी या नियमांच्या जवळपासही येत नाही.

दुसरा मार्ग लोक शोधतात तो जास्त घातक आहे. जुन्या गाडीचं आरसी बुक घ्यायचं, तिचा चेसी नंबर असलेला तुकडा नव्या सांगाड्याला लावायचा आणि कागदावर ती मारुतीच आहे म्हणायचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीत नोंदलेली मूळ रचना बदलता येत नाही. केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. त्याच वर्षी आलेल्या दुरुस्तीनं विनापरवाना बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. चेसी नंबरशी छेडछाड झाली तर प्रकरण आरटीओपुरतं राहत नाही, पोलिसांत जातं. गाडी रीतसर भंगारात काढताना नंबरचा तुकडा कापून आरटीओत जमा करायला लावतात तो उगाच नाही.

‘आपल्या शेतात चालवली तर कोण विचारतो?’ हा पुढचा प्रश्न. व्यवहारात कोणी विचारत नाही. कायदा मात्र तितका मोकळा नाही. कलम 39 मध्ये सार्वजनिक जागेबरोबर ‘इतर कोणत्याही जागी’ असेही शब्द आहेत. सूट आहे ती केवळ कारखाना किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी खास बनवलेल्या वाहनाला. शेतातून वस्तीवर जाणारा शिवार रस्ता बंदिस्त आवार नव्हे.

खरा फटका विम्याचा

दंड भरून माणूस सुटतो. अपघातात तसं होत नाही. नोंदणी नाही म्हणजे थर्ड पार्टी विमा नाही. समोरचा जखमी झाला, गेला, तर मोटार अपघात न्यायाधिकरण जी भरपाई ठरवील ती विमा कंपनी नाही, मालक भरतो. मालक म्हणजे बहुतेक वेळा ज्याच्या नावावर दोन-तीन एकर आहे तो बाप. आणि या गाड्या पोरांच्या हौसेसाठी बनतात, हे विसरून चालणार नाही. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर कलम 199 अ प्रमाणे पालक किंवा मालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही ते वेगळंच. 60 हजारांत गाडी बनली असं सांगताना हा आकडा कोणी त्यात धरत नाही.

मग दरवाजा आहे का?

कागदावर एक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम 126 खाली गाडी बनवणाऱ्यानं आपला नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यायचा असतो. त्या यादीत पुण्याची एआरएआय आहे आणि शेजारच्या अहिल्यानगरची व्हीआरडीई पण आहे. म्हणजे देशातल्या नामांकित तपासणी केंद्रांपैकी दोन नाशिकपासून काही तासांवर आहेत. पण ही व्यवस्था हजारो गाड्या विकणाऱ्या कंपनीसाठी आखलेली. ब्रेक, धूर, दिवे, धडक अशा चाचण्यांचा खर्च हजार गाड्यांवर वाटला तर परवडतो. एका गाडीवर टाकला तर ती गाडीच बनत नाही.

ब्रिटनमध्ये याच अडचणीवर वेगळा तोडगा काढला आहे. तिथे घरी बनवलेल्या एका गाडीची एकदाच, ठरलेल्या यादीप्रमाणे तपासणी होते. टोकदार कडा, ब्रेक, स्टिअरिंग, सीटबेल्ट, धूर सगळं बघतात. पास झाली तर नोंदणी. भागांचं वय आणि मूळ सांगता येत नसेल तर ‘क्यू’ अक्षराचा नंबर देतात, म्हणजे पुढे विकत घेणाऱ्यालाही कळतं की ही जोडलेली गाडी आहे. त्यासाठी नवीन प्रयोगशाळा बांधावी लागली नाही. आपल्याकडे सीएनजी आणि इलेक्ट्रिक किट बसवायला मान्यता देण्याची पद्धत आधीच रुळली आहे. एका गाडीची तपासणी हे त्यापुढचं पाऊल आहे, अशक्य गोष्ट नाही. ते होत नाही कारण मागणी करणारा संघटित नाही. गॅरेजवाला आरटीओच्या नियमावर हरकत नोंदवायला जात नाही. तो नियम टाळतो, नाहीतर गाडी झाकून ठेवतो.

तोवर ज्याला हौस आहे त्याच्यासमोर उरतात दोनच सरळ वाटा. एक, मूळ चेसी आणि मूळ आरसी असलेली जुनी जीप किंवा पद्मिनी घेऊन ती आहे तशी उभी करायची. यात छाटाछाटी नाही, म्हणून ती स्पीडस्टर होणार नाही, पण रस्त्यावर येईल. नूतनीकरणाचा खर्च मात्र आधी बघून घ्यावा. 15 वर्षांवरच्या खासगी चारचाकीची नोंदणी पुन्हा करण्याची फी एप्रिल 2022 पासून 600 वरून 5 हजारांवर गेली आणि 20 वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2025 मध्ये आणखी वाढली. दुसरी वाट बंदिस्त ट्रॅकची. इंजिनिअरिंगची मुलं ‘बाहा’ स्पर्धेसाठी दरवर्षी स्वतः गाड्या बनवतात त्या अशाच, रस्त्यासाठी नाही. तिथे गाडी धावण्याआधी तांत्रिक तपासणी होते आणि डोक्यावर पाईपचा पिंजरा नसेल तर सोडतच नाहीत.

तालुक्याच्या वेल्डरला त्या स्पर्धेत प्रवेश नाही, कारण ती कॉलेजच्या संघांसाठी आहे. आयटीआयच्या आवारात, मोटार मेकॅनिकच्या शिक्षकांच्या देखरेखीखाली गावातल्या कारागिरांसाठी असं काही सुरू करायला मात्र कायद्यात बदल लागत नाही. मोकळं मैदान, भोवती कुंपण, ब्रेक तपासायला एक माणूस आणि फाटकावर ‘हेल्मेटशिवाय आत येऊ नये’ अशी पाटी एवढं पुरतं.