दोन पिवळ्या रेघा

आमच्या सिंधुदुर्गात एक गोष्ट पोराटोरांच्या तोंडी आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर नावाच्या साहेबाने विजयदुर्ग किल्ल्यावरून खग्रास ग्रहण पाहिले आणि तिथेच हेलियमचा शोध लावला. पुरावा म्हणून किल्ल्यावरचे 'साहेबाचे कट्टे' दाखवले जातात. त्या तारखेला हेलियमचा दिवसही साजरा होतो. गोष्ट फार गोड आहे. तिच्यात खोट एवढीच, की ती खरी नाही.

त्या दिवशी लॉकियर इंग्लंडात होता. ग्रहण हिंदुस्थानातून दिसले खरे; फ्रान्सच्या जान्सेनने गुंटूरहून आणि जॉन हर्शेलने जमखंडीहून सूर्यावर वर्णपटदर्शक रोखले होते. लॉकियरने सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट पाहिला तो २० ऑक्टोबर १८६८ ला, विलायतेत, आणि तोही ग्रहणावाचून. हेच तर त्याचे कर्तृत्व! विजयदुर्गावर तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर हेलियम पृथ्वीवर हाती लागून तीन वर्षे होत आली होती.

असे म्हटले की लगेच उत्तर मिळते, "मास्तरांनू, तुमचा काय जाता? गावाचे नाव होते, पाहुणे येतात, पोरांना शास्त्राची गोडी लागते. तीस वर्षे इकडची तिकडे झाली म्हणून काय बिघडले?"

काय बिघडले ते सांगतो. चुलीत मिठाचा खडा पडला की ज्वाळा पिवळी होते, ती मिठातल्या सोडियममुळे. दिवाळीच्या आतषबाजीतला तांबडा रंग स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा. तापलेल्या वायूचा उजेड लोलकातून गेला, की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या रेघांची सही करते. सोडियमच्या दोन पिवळ्या रेघा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर असतात. सूर्याच्या कडेला दिसलेली पिवळी रेघ निघाली ५८७.६ वर. प्रथम अनेकांना ती सोडियमचीच वाटली. अंतर किती? मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या जेमतेम दीडपट! तेवढ्या अंतराला "चालायचेच" न म्हणणारी माणसे होती म्हणून हेलियम सापडला. पुढे १८९५ साली विल्यम रॅम्से या रसायनशास्त्रज्ञाला युरेनियमच्या एका खनिजातून काढलेल्या वायूत तीच रेघ दिसली. त्याने ती विल्यम क्रुक्सकडून मोजून घेतली, तेव्हा कुठे आकाशातले मूलद्रव्य भूमीवर उतरले. अशा शास्त्राचा उत्सव आपण करायचा, आणि तीस वर्षांच्या चुकीकडे डोळेझाक करायची! ही गोडी शास्त्राची नव्हे, बढाईची.

दुसरे नुकसान याहून मोठे आहे. उसन्या मोठेपणापायी घरचा माणूस आपण विसरलो. कावसजी दादाभाई नायगमवाला हे भौतिक व रसायन या विषयांचे एम. ए. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी शिकवले, विलायतेत लॉकियरच्याच हाताखाली वर्णपटाचे काम शिकून घेतले, आणि भावनगरच्या महाराजांच्या देणगीच्या आधाराने पुण्याच्या सायन्स कॉलेजात २० इंची आरशाची दुर्बीण उभी केली. १८९८ च्या त्याच ग्रहणात गुरू विजयदुर्गावर होता आणि शिष्य सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला, आपल्या उपकरणांनिशी सूर्याच्या कडेचे वर्णपट टिपत होता. त्याचा अहवाल १९०२ साली मुंबईत छापला गेला. १९१२ साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. आमच्या किती मुलांना हे नाव ठाऊक आहे?

मी किल्ल्याचा मान काढून घ्यायला निघालेलो नाही. एक नामांकित शास्त्रज्ञ बोटीवरच्या खलाशांना मदतीला घेऊन दोन मिनिटांच्या अंधारासाठी आमच्या किनाऱ्यावर उतरला, हा मान काय थोडा आहे? कट्ट्यांपाशी २२ जानेवारी १८९८ ही तारीख कोरा. तिच्याखाली लॉकियरबरोबर जेऊरच्या नायगमवालांचेही नाव घाला. १८ ऑगस्टला पोरांना गडावर न्यायचे तर जरूर न्या. पण लोलक हाती द्या, मिठाची ज्योत दाखवा, आणि या दिवशी गुंटूरला काय दिसले ते सांगा. ज्या मुलाला दोन पिवळ्या रेघांतला फरक पाहायला शिकवायचे, त्याला दोन तारखांतला फरक लपवून शिकवता येणार नाही.