चावी कोणाकडे?

मित्रांनो, विषय वाचून लगेच पान उलटू नका! या सेमिस्टरला ह्युमॅनिटीजच्या सेमिनारसाठी चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या चिठ्ठीत निघालं, 'एस्टोनियातील युवककार्य'. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "हे काय, नवीन गोळीचं नाव?" खरं सांगायचं तर मलाही तो देश नकाशात शोधावाच लागला. (माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घेतलं असेलच. मतं मात्र माझी स्वतःची आहेत.)

एस्टोनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा छोटा देश. लोकसंख्या साधारण पावणेचौदा लाख, म्हणजे आपल्या नाशिक शहरापेक्षाही कमी. दुसऱ्या महायुद्धापासून १९९१ पर्यंत तो सोव्हिएत संघात होता. त्या काळात तिथे मुलांसाठी काही नव्हतं असं अजिबात नाही. उलट भरपूर होतं! शाळकरी मुलं गळ्यात लाल रुमाल बांधून 'पायोनियर' व्हायची आणि चौदाव्या वर्षानंतर 'कोमसोमोल'मध्ये जायची. शहरांत पायोनियरांची खास घरं होती. तिथे बुद्धिबळ, नाच, विमानांची मॉडेल्स, सगळं शिकायला मिळायचं. फक्त एकच गोष्ट मिळायची नाही, "मला यायचं नाही" असं बिनधास्त म्हणायची मुभा.

मग २० ऑगस्ट १९९१ ला देश पुन्हा स्वतंत्र झाला. लाल रुमाल गेले, कोमसोमोल गेलं. एवढी मोठी यंत्रणा बघता बघता संपली, कारण ती मुलांची कधी नव्हतीच, ती पक्षाची होती. मागे राहिल्या इमारती आणि संगीत, चित्रकला, मॉडेलिंग शिकवणारी माणसं. आता खरा प्रश्न आला. या माणसांना पगार कोण देणार? आणि संध्याकाळी खोली उघडायची कोणी?

माझ्या मते एस्टोनियाने इथे एक शहाणपणाची गोष्ट केली. उत्साहावर न विसंबता कायदा केला. १९९५ साली छंदशाळांसाठी कायदा आला, १९९९ साली युवककार्याचा आणि २०१० साली त्याची सुधारलेली आवृत्ती. या कायद्यात 'तरुण' म्हणजे ७ ते २६ वर्षांची व्यक्ती (म्हणजे आपण सगळे अजून बसतो!). आणि व्याख्या तर मला फारच आवडली. घर, शाळा आणि नोकरी यांच्याबाहेर तरुणाला स्वतःच्या इच्छेने काही करता यावं अशी परिस्थिती निर्माण करणं, म्हणजे युवककार्य. 'स्वतःच्या इच्छेने' हे शब्द लाल रुमालाला दिलेलं उत्तरच आहे, असं मला वाटतं.

दुसरं म्हणजे जबाबदारी स्थानिक पालिकेकडे दिली. आज देशात अडीचशेहून जास्त युवाकेंद्रं आहेत आणि त्यांचा खर्च मुख्यतः पालिकाच उचलतात. तिथला युवककार्यकर्ता हा सुट्टीच्या दिवशी सेवा करणारा 'दादा' नसतो. लायब्ररियनसारखी ती एक नोकरी असते. त्या कामाचे व्यावसायिक निकष ठरलेले आहेत आणि त्याचं शिक्षण विद्यापीठात दिलं जातं. पालिकेच्या पातळीवर युवापरिषद असते आणि तरुणांच्या प्रश्नांवर तिचं मत विचारावं लागतं. २०१५ साली घटना बदलून स्थानिक निवडणुकीत मतदानाचं वय १६ केलं आणि २०१७ ला त्या मुलांनी पहिल्यांदा मत दिलं. ज्याला मत आहे, त्याची खोली बंद करताना नगरसेवक दोनदा विचार करतो. साधं गणित आहे!

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे तिथे सगळं गोडच? नाही. युवककार्यकर्त्याचा पगार शिक्षकापेक्षा कमी, ही तिथली जुनी तक्रार आहे. २०१७ च्या फेररचनेत २१३ पालिकांच्या ७९ झाल्या, पण श्रीमंत पालिका आणि खेड्याकडची पालिका यांतला फरक काही मिटला नाही. शिवाय बऱ्याच चांगल्या गोष्टी युरोपियन निधीच्या प्रोजेक्टवर उभ्या राहिल्या. शिक्षणही नाही आणि नोकरीही नाही अशा तरुणांना शोधून हात देणारा 'टुगिला' हा त्यातलाच. प्रोजेक्टला शेवटची तारीख असते. घरी नुसता बसून राहिलेल्या मुलाच्या अडचणीला ती नसते.

नार्व्हा या सीमेवरच्या शहरात तर जवळपास सगळे रशियन बोलतात. २०२४ पासून देशातल्या शाळा टप्प्याटप्प्याने फक्त एस्टोनियन भाषेत शिकवू लागल्या आहेत. परक्या भाषेत चुकत-माकत बोलायला, मार्क न देणारी एखादी जागा लागते. (कॉन्व्हेंटमधून आलेल्या माणसाला हे विचारा!) अशा गावात युवाकेंद्र बंद पडलं, तर फक्त कॅरमबोर्ड जात नाही. दोन भाषांची मुलं एकमेकांना जिथे भेटतात ती जागाच जाते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. प्रोजेक्टचा पैसा नवीन प्रयोगाला वापरावा, पण खोली उघडणाऱ्या माणसाचा पगार कायमच्या बजेटमधूनच यावा. इमारत एकदाच बांधावी लागते, माणूस दर महिन्याला टिकवावा लागतो.

सेमिनार संपल्यावर होस्टेलवर आलो आणि आमच्या रिक्रिएशन रूमकडे पाहिलं. उद्घाटनाला हार, नारळ, फोटो, सगळं झालं होतं. टीटी टेबल झकास आहे, पण दाराला कुलूप आहे. वॉचमनकाका म्हणतात, चावी ऑफिसात. ऑफिस पाचला बंद होतं आणि आमची प्रॅक्टिकल्सही पाचलाच सुटतात! दोष कोणा एकाचा नाही, कारण ते काम कोणा एकाचं नाहीच. रेक्टर सर, वाचत असाल तर एवढंच मागणं आहे. दोन विद्यार्थी, एक स्टाफ मेंबर आणि वर्षाला बॉल-बॅटपुरती एक रक्कम, हे कागदावर लिहून ठेवू या. आम्ही दोन वर्षांनी पास होऊन जाऊ. कागद राहील आणि खोली उघडी राहील.