गृहव्यवस्था : धाब्याचें घर पाडावें काय?

आखाजीच्या सुमारास जळगांव-धुळ्याकडे पारा ४३ अंशांपर्यंत सहज चढतो, आणि ज्यांचें घर अद्याप धाब्याचें आहे अशा कुटुंबांत जुना वाद नव्यानें निघतो. धाबें पाडून सिमेंटचा स्लॅब घालावा व वातानुकूलन यंत्र बसवावें, असें तरुण मंडळींचें म्हणणें. आमचें मत निराळें आहे.

मातीच्या जाड भिंती आणि लांकडी तुळयांवरील खाऱ्या मातीचा थर तापावयास फार वेळ घेतात. दुपारचें ऊन आंत पोंचेपर्यंत दिवस कलतो. चार-पांच इंचांचा स्लॅब मात्र दिवसां सांठविलेली उष्णता नेमकी अंथरुणें पडल्यावर खालीं सोडूं लागतो. माडीवर निजणाऱ्या वृद्धांस व तान्ह्या मुलांस हा त्रास झोपमोडीपुरताच राहत नाहीं; त्यांच्या जिवास अपाय होतो. धाब्यास दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं माती द्यावी लागते, तें काम जाणणारीं माणसें दुर्मिळ झालीं, हें खरें. पण तेवढ्यासाठीं घर पाडणें आम्हांस पटत नाहीं.

ज्यांचा स्लॅब झालाच आहे, त्यांनीं चैत्रांतच गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्यावे. पुष्कळसें ऊन वरच्या वर परततें. दारें-खिडक्या सकाळीं नवाच्या आंत लावाव्या व रात्रीं उघडाव्या. पुष्कळ घरीं नेमकें उलट चालतें!

खानदेशचें खरें भाग्य म्हणजे येथील कोरडी हवा. ४३ अंशांच्या हवेंत आर्द्रता २० टक्के असेल, तर ओलें फडकें गुंडाळलेल्या उष्णतामापकाचा पारा सुमारें २५ अंशांवर उतरतो. मुंबईच्या दमट हवेंत पांच-सहा अंशांचाच फरक पडतो. म्हणून वाळ्याचा पडदा व कूलर इकडे गुण देतात, तिकडे देत नाहींत. साध्या कूलरला सुमारें २०० वॅट वीज पुरते. दीड टनी वातानुकूलन यंत्रास दीड हजारांच्या आसपास लागते. मात्र समोरची एक खिडकी उघडी ठेवावी, नाहींतर खोलींत ओल कोंडून घामच येतो. टांकी आठवड्यांतून एकदां पूर्ण रिकामी करून घांसावी, कारण डेंग्यूचे डांस असल्याच सांठ्यांत वाढतात. काढलेलें पाणी तुळशीस घालावें; नळाची पाळी चार दिवसांनीं येणाऱ्या आळींत तें मोरींत ओतणें जिवावर येतें.

खोलीचा पारा ४० अंशांच्या वर गेल्यावर नुसता पंखा अंगावर गरम वाराच फेंकतो. अशा वेळीं आजारी माणसाच्या अंगावर पाण्यांत पिळलेलें पातळ धोतर पसरावें आणि मग पंखा लावावा.