दाराबाहेरच्या बायका



शांततेच्या वाटाघाटी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर टेबल येत नाही, दार येतं. २००३ सालचा जुलै. घानातल्या अक्रा शहरात लायबेरियाच्या यादवीवर बोलणी चालली होती. आत बंदूकवाले पदांसाठी घासाघीस करत होते आणि तिकडे मन्रोव्हियावर तोफगोळे पडत होते. लेमा बोवी आणि तिच्याबरोबरच्या ख्रिस्ती-मुसलमान बायकांनी दारातच ठाण मांडलं. करार होईतो कुणाला बाहेर सोडणार नाही, म्हणाल्या. पकडायला रक्षक आले तेव्हा लेमाने सर्वांसमक्ष कपडे उतरवायला घेतले. आईने असं करणं तिकडे शाप मानतात. रक्षक थबकले. १८ ऑगस्टला करार झाला.

मला खुपतं ते पुढेच. शांततेच्या निर्णयांत बायका हव्यात, हा ठराव क्रमांक १३२५ सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० रोजीच केला होता. तरी तीन वर्षांनी बायका दारातच! २००७मध्ये राष्ट्रसंघाच्या मोहिमेत बायकांची पहिली पोलीस तुकडी लायबेरियात गेली, ती भारताची. अभिमान आहेच. पण गणवेशातल्या बायका चालतात, अटी ठरवणाऱ्या का नकोत? पाण्याला गेलेली मुलगी धड घरी येते का, हे युद्धबंदीच्या मसुद्यात कोण लिहिणार? (आपल्या गल्लीतल्या शांतता समितीत बायका किती, तेही मोजून पाहा.)

पुढच्या बैठकीत १३२५ मराठीतून, मोठ्याने वाचू या. भांडण तिथून सुरू करू.