शाखा फुटण्यापूर्वी

सांगली-साताऱ्याच्या मुलखात बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच खल चालतो: मुलाला ‘कॉम्प्युटर’ मिळेल की ‘मेकॅनिकल’वर भागवावे लागेल? अतिविशेषीकरणाला पर्याय ठरावे असे सर्वांगीण शिक्षण अभियांत्रिकीत लाभते काय, हा प्रश्न या खलात कोणी काढीत नाही. म्हणूनच अंकाच्या आरंभी तो वाचकांपुढे ठेवीत आहोत. पहिल्या वर्षापुरते ते निश्चित लाभते, असे आमचे मत आहे. कारण त्या वर्षी स्थापत्याचा आणि संगणकाचा विद्यार्थी एकाच कार्यशाळेत शेजारी उभे राहून लोखंडाचा तुकडा कानशीने घासतात, गुण्याखाली उजेडाची फट दिसली की पुन्हा घासतात, आणि कागदावरची रेघ प्रत्यक्षात उतरवणे किती कष्टाचे असते हे दोघांच्याही हातांना कळते. पुढे शाखा फुटतात आणि शेजार संपतो.

हा शेजार आयुष्यभर राखणारी माणसे याच मातीत होऊन गेली. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकार व्हावयास गेलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर रंगांची पारख करण्यात दृष्टी उणी पडते असे आढळल्यावर यांत्रिक रेखनाकडे वळले. लोखंडाने जमीन नासते असे मानणाऱ्या शेतकऱ्यास नांगर पटवून देण्यात त्यांना तो घडवण्याइतकेच श्रम पडले. आणि बेळगाव सोडण्याचा प्रसंग आला तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी, जे स्वतः चित्रकार होते, यांनी देऊ केलेल्या कुंडल रोड स्थानकानजीकच्या ओसाड माळावर 1910 साली त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. तेथील कारखान्याच्या आवारातून 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी काढलेल्या ‘किर्लोस्कर खबर’चे पुढे मराठीतले एक अग्रगण्य मासिक झाले; आज दिवाळी अंक काढणाऱ्या आम्हां सर्वांवर त्या आवाराचे ऋण आहे. त्या नांगरांचा प्रचार करीत गावोगाव हिंडलेल्या भाऊराव पाटलांनी 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली.

सांगलीत 1947 साली आणि कराडात 1960 साली अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली, हे या जिल्ह्यांचे भाग्य. परंतु 2019 च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने 45 फुटांची धोका पातळी ओलांडून सत्तावन्न फुटांच्या घरात मजल मारली, तेव्हा कोयनेचा विसर्ग, अलमट्टीचा फुगवटा, बुजवलेले ओढे, पूररेषेतली बांधकामे आणि घर न सोडणाऱ्या माणसांचे मन या साऱ्यांचा एकत्र विचार करणे कोणत्या शाखेचे काम, याचे उत्तर कोणत्याच अभ्यासक्रमात नव्हते.

यास्तव महाविद्यालयांच्या चालकांना आमची विनंती आहे की, सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांची एक संमिश्र तुकडी करून एका पावसाळ्यातली नदीची पातळी तिच्याकडून रोज नोंदवून घ्यावी आणि ज्या गल्ल्यांत पाणी शिरते तेथील रहिवाशांच्या जबान्याही तिनेच टिपाव्यात. तो वृत्तांत आमच्याकडे आल्यास पुढील दिवाळी अंकात आम्ही तो संपूर्ण छापू.